लाल बटण

नांदेड,
१२ एप्रिल २०१८

प्रिय धुरपता,

सप्रेम जयभीम. हनीफचाचांचा जावई उद्या कंधारला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मध्येच फोन तुझ्या मालकांच्या हातात जातो. तुझी धम्मप्रिया माझ्याकडेच आहे. रविवारी लातूरहून क्लास सोडून एकटीच आली. ‘तिला शुक्रवारच्या पहिल्या गाडीत बसवून दे’ असं तू म्हणालीस, त्याचं उत्तर या पत्रात आहे. पण मला जसं सुचत गेलं तसंच सांगू दे. आधी मशीनचं ऐक.

या आठवड्यात जयंतीची घाई. शनिवारी मिरवणूक, चौकाचौकात सरबत, आणि आपल्या वस्तीतली सगळी मंडळं बर्फ माझ्याकडूनच नेतात. सोमवारी सकाळी बर्फाचं मशीन बंद पडलं. आतल्या गॅसचा ताप पाण्यानं बाहेर न्यायचा असतो. पाणी कमी पडलं की दाब चढतो आणि कटआउट, म्हणजे दाबावर लक्ष ठेवणारा स्विच, मशीन बंद करतो. त्याच्यावर एक लाल बटण असतं, ते दाबलं की मशीन पुन्हा सुरू. मी दाबलं. वीस मिनिटांनी पुन्हा बंद. पुन्हा दाबायला गेलेला हात मी मागे घेतला. दारात मंडळवाले पोती घेऊन उभे. ‘मावशी, यंदा जयंतीला गरम सरबत वाटायचं काय?’ म्हणून चिडवून राहिले होते. त्यांच्यातला एक वायरमन म्हणाला, ‘कटआउटच्या दोन वायरी एकत्र पिळा, मावशी. मग बंदच पडत न्हाई.’

तुला आठवत असेल, भूकंपाच्या वेळी माझ्या संघपालचे बाबा इथल्या बर्फाच्या कारखान्यात होते. किल्लारीकडे ट्रक भरून बर्फ जायचा, औषधांसाठी, आणि ज्यांची ओळख पटायची राहिली होती त्यांच्यासाठी. मशीनला उसंत नव्हती, सारखं बंद पडायचं. शेवटी त्यांनी वायरी पिळल्या. बर्फ निघाला. तिसऱ्या दिवशी पाईप फुटला आणि अमोनिया त्यांच्या छातीत गेला. तेरा वर्षं खोकले आणि गेले. त्या वायरींचा दोष मी त्यांना कधी दिला नाही, माणसं उघड्यावर पडली होती. पण पुढे हे छोटं मशीन घेतलं तेव्हा त्यांनी मला एवढंच बजावलं, की कटआउट कधी बांधायचा नाही, आणि बटण एकदाच दाबायचं. दुसऱ्यांदा बंद पडलं की पाणी शोधायचं. त्यांच्यामागे हनीफचाचा मला काम शिकवायचे तेव्हा तेही हेच म्हणायचे. ‘भाभी, बंद पडती म्हणून तिला शिव्या देऊ नका. बंद पडती म्हणूनच वाचती ती.’

मंडळवाल्यांना मी परत पाठवलं आणि पाणी शोधायला बसले. बाहेर पडणाऱ्या नळीला हात लावला तर चटका बसला, आणि धार करंगळीएवढी. पाणी पुरेसं असेल तर ते कोमट यायला पाहिजे. वरची टाकी बघितली, भरलेली. वाटेतली जाळी काढली, मूठभर शेवाळ निघालं. ते धुतलं, धार होती तशीच. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. पंप चालू. आता नळी सोडून बघायची, तर बादली धरायला कुणीतरी पाहिजे होतं.

धम्मप्रिया पायरीवर बसली होती. आल्यापासून एक शब्द नाही. जेवायला बसवलं की भाताची बोटानं रेघ ओढायची. रात्री दिवा मालवू देत नव्हती. गच्चीच्या दाराला मी कुलूप लावलंय, का ते विचारू नको. मी तिला म्हटलं, बाई, बादली धर आणि मोज. मशीनमध्ये जायच्या आधीची नळी सोडली. तिनं वीस मोजेपर्यंत बादली भरली. मग ती जोडून पलीकडची सोडली. ती मोजत राहिली, शंभर, एकशे दहा, एकशे चाळीस. आल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला मी, तो असा. म्हणजे येणारं पाणी बरोबर होतं, अडत होतं ते आतच. आपल्या बोअरचं पाणी जड. वर्षानुवर्षं आतून क्षार धरत गेला आणि बाहेरून नळी तशीच गोल, तशीच चकचकीत.

मंगळवारी हनीफचाचा आले. पातळ ॲसिड छोट्या पंपानं आत फिरवत ठेवलं. आधी दुधासारखं पाणी आलं, मग खपल्या, अंड्याच्या टरफलासारख्या. धम्मप्रिया उकिडवी बसून बघत होती. तिनं विचारलं, ‘मावशी, बटण दाबलं की मशीन चालतंय. मग दाबतच का न्हाई राहायचं? चार दिवसांचीच तर गरज हाय.’ चाचा हसून म्हणाले, ‘बेटा, मशीनला न्हाई ठाऊक तुझी गरज किती दिवसांची.’ मी उठून आत गेले. मोरीत नळ सोडून उभी राहिले, रडल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

मशीन आता चालतंय. बादली तीस मोजेपर्यंत भरते. जयंतीचा बर्फ वेळेवर जाईल.

आता जे चार वर्षं कुणाला सांगितलं नाही ते लिहिते. संघपाल गेला तेव्हा तू माझ्या गळ्यात पडून म्हणाली होतीस, ‘अक्का, पोरानं एक शब्द तरी सांगायचा होता गं.’ मी मान हलवली. धुरपता, तो सांगायला आला होता. दिवाळीत लातूरच्या क्लासहून आला तेव्हाच म्हणाला होता, आई, मला तिथं होत नाही. मी समजूत घालून धाडलं. फेब्रुवारीत पुन्हा आला, न कळवता, सोमवारी दुपारी. हे तुम्हा कुणालाच ठाऊक नाही. पिशवी त्यानं खांद्यावरून काढलीसुद्धा नव्हती. मी मशीनपाशी होते. म्हटलं, तोंड धू, चहा घे, दोन महिने तर राहिलेत. सकाळी सहाच्या लातूर गाडीत मीच बसवलं. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला. बुधवारी हॉस्टेलवाल्याचा फोन आला. तो डबा सामानात परत आला, झाकण न उघडलेला. मशीनबद्दल दिलेला शब्द मी वीस वर्षं पाळला, आणि पोराला दोनदा बटण दाबून पाठवलं. परीक्षेला चोवीस दिवस आहेत, मला ठाऊक आहे. कंधारमध्ये तिला आत्तापासून डॉक्टरीण म्हणतात, तेही ठाऊक आहे. पण शुक्रवारच्या गाडीत मी तिला बसवणार नाही. तू ये. रागानं आलीस तरी चालेल, मला बोल, मालकांना घेऊन ये, भांड. फक्त तिला ‘कधी जाणार’ म्हणून विचारू नको. तिच्याजवळ बस. आणि येताना पिशवी मोठी आण, तिचं लातूरचं सामान आपण दोघी जाऊन आणू. मला हॉस्टेलच्या त्या जिन्यानं एकटीला चढवत नाही.

तुझीच,
अक्का