दुर्बीणवाल्या काकांवरचा माझा सिनेमा

३ जानेवारी
ठरलं. गल्लीतल्या दुर्बीणवाल्या काकांवर बायोपिक. सातवीत शाळा सोडलेला माणूस घरी काच घासून दुर्बिणीचे आरसे बनवतो, आणि वेधशाळेतले पदवीवाले त्याला दारात उभं करत नाहीत. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षी सोडलं, आणि फिल्मच्या कोर्सवाल्यांनी मला दारात उभं केलं नाही. साम्य क्रमांक एक आणि दोन. बाबा म्हणाले, आधी परीक्षेचा फॉर्म भर. काकांचे वडीलही असंच बोलले असणार. साम्य क्रमांक तीन.

५ जानेवारी
एडिटिंग ती करणार. (माझ्या वर्गातली. कॉलेज सोडलं, तिला नाही.) शॉर्ट फिल्मची स्पर्धा ३१ मार्चला. टाळ्या सुरू झाल्या की तिला मनातलं सांगून टाकायचं. आज तीन जोक सांगितले. हसली नाही. गंभीर प्रकृतीची आहे.

१९ जानेवारी, सकाळी
शूटिंग. काका पिंपाभोवती फिरत फिरत काचेवर काच घासतात, मध्ये पाणी आणि पावडर. एका आरशाला तीन महिने! म्हटलं, शॉटपुरतं जरा भराभर घासा. म्हणाले, काच ऐकत नाही.
काकू सारख्या फ्रेममध्ये. कधी पाण्याचा मग घेऊन, कधी फडकं. एकाकी कलावंताच्या मागे बायको कशी चालेल? आठ वेळा सांगितलं, काकू, जरा बाजूला व्हा. आठव्यांदा आवाज चढला. कलावंताचा चढतोच.

२ फेब्रुवारी
इंटरव्ह्यू. काका 'आमची ही' म्हणून सुरू करतात आणि रेंगाळतात. मग त्यांना काय म्हणायचंय ते मलाच सांगावं लागतं. एकटेपणा. जगाने नाकारल्याची आग. ते म्हणाले, चहा घे. दुःख लपवायची रीत. माझीही हीच. साम्य क्रमांक अकरा.

२२ फेब्रुवारी
तिचा फोन. म्हणे, चार तासांच्या फुटेजमध्ये काका नऊ मिनिटं बोललेत, बाकी सगळा तू. ती नऊ मिनिटं ऐकलीस तरी का? मी म्हटलं, डायरेक्टर बघतो, ऐकत बसत नाही. फोन मीच आपटला.

१ मार्च
तिच्या घरी भांडण. म्हणे, काकांचे हात थरथरतात. गेली अकरा वर्षं आरशाचं शेवटचं पॉलिश काकूच करतात, दुर्बिणीवर नाव मात्र काकांचं. काका नऊ मिनिटं तेच सांगतायत. पिक्चर काकूंवर करू. मी म्हटलं, बायोपिक एकाचाच असतो. ती म्हणाली, तोही तुझाच ना? मी म्हटलं, हवं ते कर फुटेजचं, माझं नाव काढून टाक! ताडताड निघालो. चप्पल तिच्याकडेच राहिली. उद्या सॉरी म्हणेल.

२ मार्च
सॉरी म्हणाली नाही. नेटवर्क असेल.

९ मार्च
नेटवर्कच.

१५ मार्च
ताईला पाठवून चप्पल मागवली. ताई म्हणाली, चप्पल ठिकाणावर आली, आता तू कधी येतोस? आणि हेही म्हणाली, की ती रोज काकूंकडे असते, कॅमेरा घेऊन. जाऊ दे. रडत परत येईल.

३१ मार्च
परत आली नाही. तिचा सिनेमा मात्र स्पर्धेत आला. बघायचा नव्हता. चुका काढायला गेलो. शेवटच्या रांगेत बसलो.
काकू काचेवर वाकलेल्या, हॉलभर नुसता घासण्याचा आवाज. कोणी खोकलंसुद्धा नाही. चूक सापडेना. टायटल्समध्ये माझं नाव नाही. माझाच शब्द पाळला तिने. काकूंचंही दुर्बिणीवर नाव नव्हतं. साम्य क्रमांक... राहू दे.
पण मी आहे त्यात. आठ वेळा. काकू पाण्याचा मग घेऊन येतात आणि पडद्याबाहेरून माझा आवाज, काकू, जरा बाजूला व्हा. तिसऱ्या वेळी हॉल हसू लागला. आठव्यांदा आवाज चढला तेव्हा टाळ्या पडल्या. काकूसुद्धा तोंडावर हात धरून हसत होत्या.
त्यांच्या शेजारी ती होती.
मी बोललेल्या कशावर तरी ती पहिल्यांदाच हसली.