रात्री नऊला पोचणारं ऊन

गुरुवार, २९ डिसेंबर २०२२. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. डावा हात भिंतीवर टेकवून, उजव्या हाताने लिहितो आहे.

पूज्य अझांगले,

तुमचा भाचा मुटुप याचे दोन्ही हात जोडून जुले. (लिहिताना एकच हात मोकळा आहे, पण मनाने दोन्ही जोडले आहेत.) तुमचा गुडघा जम्मूच्या थंडीत कसा आहे? तुम्ही तिला थंडी म्हणता म्हणून मीही म्हणतो. मामी अनेलेंचं ब्लडप्रेशर उतरलं का? इकडे सगळं ठीक. बाहेर उणे एकवीस, खोलीत साडेतेरा. अझांगले, हा आकडा चुकून लिहिलेला नाही. थर्मामीटर चार वेळा पाहिला, मग दुसऱ्या भिंतीला टांगून पुन्हा पाहिला. खोलीत विस्तव नाही, धूर नाही, कुठलं बटण नाही. तुमची बहीण, माझी अमाले, झोपली आहे आणि खोकत नाहीये. मी मघापासून तेवढंच ऐकतो आहे.

ऑगस्टमध्ये लेहच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की अमालेच्या खोलीत शेणी जाळायच्या नाहीत. धूर नको आणि गारठाही नको, दोन्ही जमत नसेल तर हिवाळाभर भावाकडे पाठवा. तुम्ही लगेच तयार झालात, हे उपकार मी विसरणार नाही. पण मागच्या हिवाळ्यात जम्मूला ती सहा किलो उतरली (तुमच्याकडे खायला कमी होतं असं नाही), आणि परत आल्यावर आधी गाईच्या गळ्यात पडून रडली, मग माझ्याकडे आली. तेव्हा या वर्षी तिची खोली इथेच गरम करायची, असं मी ठरवलं. ठरवणं सोपं होतं. गावात विजेचे खांब येऊन तीन वर्षं झाली, तारा यायच्या आहेत. छपरावर एक किलोवॅटचं सोलर आणि जिन्याखाली चार बॅटऱ्या, एवढीच आमची वीज.

तुम्ही पाठवलेल्या दोन कांड्यांच्या हीटरबद्दल मी एक शब्दही वाईट लिहिणार नाही. दोन्ही कांड्या लावल्या तेव्हा इन्व्हर्टर किंचाळला आणि बंद पडला. एकच लावली तेव्हा एक तास बावन्न मिनिटं खोली खरोखर छान होती. मग हीटर विझला, घरातले सगळे दिवे विझले, आणि नेमके दोन दिवस ढग असल्यामुळे आम्ही मेणबत्तीच्या उजेडात तुमची आठवण काढली. पण हीटर वाया गेलेला नाही. अमालेने तो स्वयंपाकघरातल्या फळीवर पितळी भांड्यांच्या मधोमध मांडला आहे. रोज पुसते. आल्यागेल्याला सांगते, "भावाने पाठवलाय. हात लावू नका."

मग मी वहीत रकाने आखले. गॅसची शेगडी घ्यावी, तर सिलिंडरचा ट्रक नोव्हेंबरनंतर येत नाही, शिवाय दुकानदार म्हणाला, पेटवल्यावर खिडकी थोडी उघडी ठेव. (खोली गरम करायची आणि खिडकी उघडी ठेवायची, हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.) रॉकेलवर डॉक्टरांचीच फुली. शेवटी एकच रकाना उरला, ऊन. खालच्या गावचे गवंडी अचो चोसफेल उन्हाच्या भिंती बांधतात. दक्षिणेकडची मातीच्या विटांची जाड भिंत बाहेरून काळी करायची आणि तिच्यापुढे वीतभर अंतर सोडून काच लावायची, एवढंच. मी विचारलं, यात मोटर कुठे आहे? ते म्हणाले, "वर आहे. रोज सकाळी आपली आपण चालू होते." मी भिंतीची जाडी चार ठिकाणी मोजून वहीत उतरवली, तेव्हा अचो वैतागले. "मुटुप, भिंत बांधायचीय की तिच्याशी लग्न करायचंय? आणखी पत्रिका बघणारेस का?"

भिंत झाली त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आत काहीच जाणवलं नाही. अचोंनी सांगितलं होतं की ऊन मातीतून चालत येतं, त्याला घाई नसते, दुपारी एकला शिरलेलं ऊन रात्री नऊला आत पोचतं. पण मी नववीत शाळा सोडलेला माणूस, सांगून माझा विश्वास बसत नाही. नऊ वाजता हात लावून पाहिला. अझांगले, भिंत गाभण गाईच्या पोटासारखी ऊबदार होती. बाहेर ओढ्याचा दगड झालेला, आणि माझ्या तळहातावर दुपार. मी आवाज न करता बसून राहिलो. आवाज केला तर ती थांबेल, असं वाटलं. दोन महिने झाले, रोज हात लावतो, अजून सवय झालेली नाही.

मग लोसार जवळ आला. मी सणाचं सामान आणायला दोन दिवस लेहला गेलो आणि वीस तारखेला अंधार पडल्यावर परतलो. एकवीसच्या सकाळी खोलीत साडेपाच अंश. थर्मामीटर बिघडला म्हणून मी त्याला झटकलं, खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या, ढगांना दोष दिला (आकाशात एकही ढग नव्हता). तोवर अमालेने गारठून शेणी पेटवल्या होत्या आणि ती पाचपासून साडेसातपर्यंत खोकत होती. उजाडल्यावर बाहेर गेलो, तर काचेमागे माझी भिंत नव्या छोर्तेनसारखी पांढरीशुभ्र. अमालेने काचेची दारं उघडून आत चुन्याचे दोन हात दिले होते.

"आता कसं घर दिसतंय!" ती म्हणाली. "सगळं गाव सणाला घरं पांढरी करतं, आणि आमचंच घर तोंडाला काळं फासून उभं!"

मी समजावलं, पांढरा रंग ऊन परत पाठवतो, काळा आत घेतो. ती म्हणाली, "रंग बघून आत यायला ऊन काय जावई आहे?" मी वही दाखवली. तिने ट्रंक काढली. काळ्या घरात लोसार करण्यापेक्षा जम्मू बरी, म्हणाली, आणि चादरी भरायला लागली. खोकतच.

मी लामांना बोलवायला गोन्पाकडे पळालो. सणाच्या पूजेला यायचे ते मेमे लामा एक दिवस आधीच आले. त्यांनी वही मागितली नाही. भिंतीसमोर उभं राहून अमालेला विचारलं, "यांगझेस, तुझा जन्म कुठल्या घरात झाला?"

"घर कुठलं, मेमेले? माझे आईबाप मेंढरांमागे फिरणारे. तंबूत झाला."

"कुठल्या रंगाच्या?"

तुम्हाला सांगायला नको, याकाच्या केसांचा तंबू काळाच असतो, आणि तुम्हीही त्यातच जन्मलात. मग ती माझ्यावरच ओरडली, "बघतोस काय? काजळी आण! धुराड्यात वीस वर्षांची साठलीय!" त्याच दिवशी आम्ही दोघांनी सरस घालून भिंत पुन्हा काळी केली. लोसारला तिने त्यावर पिठाचे शुभ ठिपके काढले. मी मोजले, एकशे आठ. त्यांच्यापायी अर्धा अंश गेला. तो वहीत लिहिला नाही.

तिची ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली आहे. अनेलेंना जुले. मोठ्यांची सेवा घडो, चूकभूल पोटात घ्यावी.

तुमचा आज्ञाधारक,
मुटुप

ता. क. सात जानेवारीला अमालेला उतरवून घ्यायला विमानतळावर जाऊ नका. ट्रंक खाली असती तरी तिला येता आलं नसतं. तिकीट काढलेलंच नाही. तुम्ही ऑक्टोबरमध्ये तिच्या भाड्याचे पैसे पाठवलेत, ते घेऊन मी तिकीट काढायलाच निघालो होतो, पण काचेचं दुकान आधी लागलं. तुम्हाला फोनवर "काम झालं" म्हणालो ते काचेबद्दल होतं. गेले दोन महिने मला जेवण जात नाही. क्षमा करावी, आणि जूनपर्यंत थांबावं, एवढं मागण्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं.

ता. क. २. अमालेला यातलं काही ठाऊक नाही असं मी समजत होतो. ती आत्ता उठली. म्हणते, काच आली त्याच दिवशी कळलं; तुझ्याजवळ एवढे पैसे कुठून येणार.

हिशेब:
तुमचे आले: १६,०००
काच: ८,४००
लाकडी चौकट: ३,९००
अचो चोसफेल, मजुरी: २,५००
ट्रकचं भाडं: ७००
सरस, दोन वेळचा: १८०
एकूण खर्च: १५,६८०
शिल्लक: ३२०
तुमचं देणं, पश्मिना विकल्यावर: १६,०००
भावाने इथे येऊन या भिंतीला पाठ लावून झोपावं, म्हणून त्याच्या तिकिटासाठी अमालेने डब्यातून काढून दिले: २,०००. यातले मी घेतलेले नाहीत.