डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे

२ फेब्रुवारी, सकाळ
निश्चय झाला. मॅनिफोल्ड मी स्वतः बनवणार.

गाडी मी आणि मेहुण्याने शून्यातून उभी केली. तसं पाहिलं तर सांगाडा त्याने जोडला, एंजिन त्याने बसवलं, वायरिंगही त्याचंच. पण कल्पना माझी. दोनच सीट ठेवायच्या ही कल्पनासुद्धा माझी. एक त्याची, एक माझी, आणि पहिली फेरी दोघांनी मिळून मारायची असं ठरलंय. बायकोने तेव्हा विचारलं होतं, मी कुठे बसायचं. मी म्हणालो, स्पोर्ट्स कारमध्ये असले प्रश्न नसतात.

आता एवढाच एक भाग राहिलाय. एंजिनच्या चार तोंडांतून निघणारा धूर गोळा करून एका पाइपात सोडतो तो मॅनिफोल्ड. एंजिनबरोबर एक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आलाय, पण दिसायला सुजलेल्या पायासारखा. उचलताना कंबर धरते. मी मेहुण्याला म्हणालो, फेकून दे. त्याने तो त्याच्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, दिला. आमचं मागचं दार वाऱ्याने आपटतं, त्याला ती तो अडसर म्हणून लावते. योग्य जागी गेला.

मेहुण्याचं म्हणणं, भाऊजी, आधी तोच लावून गाडी सुरू करू, मग बघू तुमचा. मी नुसता हसलो.

५ फेब्रुवारी
गाडी मेहुण्याच्या शेडमध्ये आहे, पण काम घरी करणार. तिथे तो सुचवत बसतो. जुन्या एंजिनचं एक जास्तीचं हेड आमच्याकडे आहे, म्हणजे जिथे मॅनिफोल्ड बसतो तो एंजिनचा वरचा भाग. ते आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. आता गाडीची गरजच नाही.

बायकोने विचारलं, जेवायचं कुठे. तात्पुरती सोय करायला सांगितलं.

६ फेब्रुवारी
मेहुण्याला फोन. स्टिअरिंगचा दांडा कुठून खाली उतरतो ते विचारलं. म्हणाला, उजवीकडून, तेव्हा तुम्ही चारही पाइप डावीकडे घ्या. वर म्हणाला, एकदा येऊन बघून जा ना. मी म्हणालो, गरज नाही. डोळे मिटले, बॉनेट उघडून गाडीसमोर उभा आहे असं मनात आणलं. डावी बाजू लख्ख दिसली.

११ फेब्रुवारी
प्लंबरकडचे प्लॅस्टिकचे एल्बो जोडून नमुना तयार केला. अप्रतिम. चार पाइप वळणं घेत डावीकडे जातात आणि शेवटी एक होतात. बायको म्हणाली, बेसिनखाली असंच आहे. कलेची जाण असावी लागते.

१५ फेब्रुवारी
वेल्डिंग मशीन भाड्याने आणलं. व्हिडिओ भरपूर बघून झालेत. पहिल्या टाक्याला पाइपला भोक पडलं. ते बुजवताना शेजारी आणखी दोन पडली. म्हणजे मशीनला ताकद आहे.

१६ फेब्रुवारी
डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होतंय. वेल्डिंग करताना काचेशिवाय एकदाच बघितलं होतं. दोनदा. ऑफिसात डोळे आलेत म्हणून सांगितलं. साहेब मागच्या मागे सरकले आणि चार दिवस येऊ नका म्हणाले. प्रामाणिकपणे काम करणाऱ्याला वेळ असा मिळतो.

२० फेब्रुवारी
दुकानातून वेल्डिंगच्या सळ्या घेऊन आलो तर दारात मेहुणा आणि बायको कुजबुजत होते. मला बघताच गप्प. मेहुणा म्हणाला, सहज आलो होतो. सहज आलेला माणूस चहा न घेता जात नाही. काहीतरी शिजतंय.

२३ फेब्रुवारी
कळलं. मेहुण्याची बदली झाली. पुढच्या महिनाअखेरीला निघणार, लांब. शेड रिकामी करून द्यायचीय. तोपर्यंत गाडी आपल्या चाकांवर बाहेर पडली तर ठीक, नाहीतर भंगारवाला घेऊन जाईल.

फार वाईट वाटलं. बदलीचं नाही, बदल्या होतात. माझ्याआधी बहिणीला सांगितलं याचं. इतकी वर्षं दर रविवारी आम्ही एका गाडीखाली लोळतोय. त्याला मी चारचौघांत माझा उजवा हात म्हणतो. आणि उजव्या हाताची बातमी मला बायकोकडून कळते.

बायको म्हणते, तो आधी तुम्हालाच सांगायला आला होता, तुम्ही तोंडावर तो मुखवटा ओढून आत्ता नको म्हणालात. आला असेल. पण महत्त्वाची गोष्ट माणूस दोनदा सांगतो.

१ मार्च
संकल्प: रोज दोन तास मॅनिफोल्ड. रागाचा परिणाम कामावर होऊ द्यायचा नाही.

२ मार्च
राग आला. काम झालं नाही.

८ मार्च
मॅनिफोल्ड पूर्ण. हातात घेतला तर फुलासारखा हलका. बायकोने उजेडात धरून बघितला आणि चाळणी म्हणाली. ती भोकं नंतर बुजवली.

हेडवर बसवून बघितला तर ज्या लोखंडी पट्टीला चारही पाइप जोडलेत ती दोन्ही टोकांना वर उचललेली. वेल्डिंग करताना पट्टी हेडला बोल्टने आवळून ठेवा, नाहीतर तापून वाकते, असं मेहुणा म्हणाला होता म्हणे. हेही एकदाच. कानशीने घासली. हात सोलवटले, पण बसली.

१५ मार्च, दुपार
मॅनिफोल्ड चादरीत गुंडाळून शेडवर नेला. बायकोही आली. मी चादर काढली. मेहुणा बराच वेळ बघत राहिला. भारावला होता.

बोल्ट अचूक बसले. पण चारही पाइप जिथे एक होतात, नेमका तिथूनच स्टिअरिंगचा दांडा खाली जातो. दोघांपैकी एकच राहू शकतो.

मेहुणा हळूच म्हणाला, भाऊजी, डावीकडे घ्या सांगितलं होतं ना. मी म्हणालो, मग हे काय, डावीकडेच आहे. तो गेला, ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि डावा हात वर केला. मी बॉनेटसमोर उभा होतो, मीही डावा हात वर केला. दोन हात दोन दिशांना. बायको दारात हसायला लागली ती थांबेचना.

म्हणे गाडीचं डावं-उजवं नेहमी सीटवर बसूनच धरतात, जगात सगळीकडे. जगाला माहीत होतं, तर मला सांगायला काय झालं होतं? मी टेबलापाशी समोरून बघत काम करणार हे त्याला ठाऊक होतं. याला सरळ मराठीत फितुरी म्हणतात. तसं बोलूनही दाखवलं. तरी मन मोठं करून तोडगा सुचवला, स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला नेऊ. मेहुण्याने पाना खाली ठेवला आणि पाणी प्यायला गेला. बराच वेळ आला नाही.

मॅनिफोल्ड काढून घरी आणला.

१७ मार्च
अबोला सुरू. माझ्या बाजूने. त्याला कळलं की नाही माहीत नाही.

२१ मार्च
त्याला अजून कळलेलं नसावं. बायकोमार्फत कळवलं. तिने सांगितलं, तो म्हणाला बरं.

२४ मार्च
मागचं दार दिवसभर आपटतंय. बिडाचा मॅनिफोल्ड जागेवर नाही. बायकोला विचारलं. म्हणाली, दिला. कुणाला, तर म्हणे ज्याला हवा होता त्याला. भंगारवाल्याशिवाय कुणाला हवा असणार? म्हणजे सुरुवात झाली. आज मॅनिफोल्ड, उद्या गाडी.

२८ मार्च, दुपार
शेडवर गेलो. भांडायला नाही, सहज. कुलूप नव्हतं. आत गाडी नव्हती. फरशीवर तेलाचा डाग आणि माझी उताणं पडायची फळी, एवढंच.

विकली. मला न विचारता. मी फळीवर बसलो. सांगायला हरकत नाही, रडलो थोडा. गाडीसाठी नाही. तो जाणारच होता, निदान रविवारांची एक खूण तरी राहिली असती.

फळी काखेत मारून घरी आलो. घरालाही कुलूप. बायकोही सामील.

तोच दिवस, संध्याकाळ
पायरीवर बसलो होतो. हॉर्न वाजला. गाडी. आमची. मेहुणा चालवत होता आणि माझ्या सीटवर बायको, डोक्याला ओढणी घट्ट बांधून. बॉनेटखाली तो बिडाचा सुजलेला पाय. बहीण-भावाने चार दिवस खपून तो बसवला. आवाज म्हणाल तर शिवणयंत्राचा.

पहिली फेरी दोघांची ठरली होती, तीही गेली. मेहुणा उतरला आणि म्हणाला, भाऊजी, ही ट्रायल होती, ट्रायलची फेरी धरत नाहीत, पहिली आता. मी म्हणालो, मला इच्छा नाही. त्याने किल्ली पुढे केली. बायको म्हणाली, उतरते मी, बसा आता, नाटकं पुरे.

बसलो. चालवली. चौकात मेहुणा म्हणाला, डावीकडे घ्या. मी विचारलं, कुणाच्या. तो इतका हसला की डोळे पुसायला लागला. मीही हसलो असेन. तो डोळे मात्र नंतरही बराच वेळ पुसत होता.

३१ मार्च
मेहुणा गेला. निरोपाला गेलो होतो. अबोला तेवढ्यापुरता स्थगित ठेवला.

घरी येऊन बॉनेट उघडलं. आत पांढऱ्या रंगाने दोन बाण काढलेत. एकावर डावी, दुसऱ्यावर उजवी, आणि खाली लहान अक्षरात: सीटवर बसून, भाऊजी. अपमान आहे हा. पुसायला फडकं आणि रॉकेल घेऊन गेलो. मग राहू दिलं.

५ एप्रिल, रविवार
बायको म्हणाली, चला कुठेतरी. तिची सीट कुठली हे आता ती विचारत नाही.

मागच्या दाराला तिने माझा मॅनिफोल्ड लावलाय. वारा आला की दार त्याला ढकलत नेतं आणि आपटतंच. वजनाला फार हलका पडतो म्हणाली. म्हणजे वजनाच्या बाबतीत माझं गणित पहिल्यापासून बरोबर होतं.