एका रेघेने खोडलेली रीत

बाई, तुमचं कागदांचं बाड अजून माझ्याजवळच आहे, आणि ते मागायला आता माणसं येऊ लागली आहेत, म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की शाळेत तुम्हाला पाहिलेलं आता कुणी उरलेलं नाही. बाड मात्र तसंच आहे, तुमच्या जुन्या सुती पातळाच्या तुकड्यात बांधलेलं. परीक्षेच्या उरलेल्या पेपरांच्या कोऱ्या पाठीवर तुम्ही लिहिलेले भूमितीचे धडे. "तुझ्याकडे राहू देत, तू टाकून देणार नाहीस," एवढंच म्हणाला होतात. मी टाकलं नाही. पण कुणाला दिलंही नाही, कारण मला कुणाचा भरवसा वाटत नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, आपल्या किनाऱ्यावर भरवसा ठेवून फार कुणाचं भलं झालेलं नाही. रेवसपासून काशीदपर्यंत कुठेही जा, गोड बोलणारा माणूस बूट घालून दारात आला आणि जुने कागद बघायला मागू लागला की समजायचं, जमीन चालली. गेल्या हिवाळ्यात असाच एक आला. पण त्याला जमीन नको होती, तुमचे धडे हवे होते. "काकी, आमच्या अ‍ॅपवर टाकू. कुठकुठली मुलं बघतील, आणि सगळं फुकट." मी विचारलं, "फुकट? मग तुमचं पोट कशावर चालतं?" तो नुसता हसला. "मुलांनी फक्त आपला मोबाइल नंबर टाकायचा, की धडा उघडला." मी म्हटलं, "बाईंनी शिकवायच्या आधी कुणाचा नंबर विचारला नव्हता." त्याला कोकम सरबत पाजलं आणि वाटेला लावलं. बाड दाखवलंसुद्धा नाही.

मग तुमची भाची आली, तुमच्या धाकट्या भावाची मुलगी. पनवेलला कॉलेजात गणित शिकवते. नाक अगदी तुमचं, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायची सवयही तुमची. तरी पहिल्या दिवशी मी तिच्यासमोर गाठ सोडली नाही. भाची असली म्हणून काय झालं? जमिनीसुद्धा आधी नात्यातलेच घेऊन जातात. तिने राग मानला नाही. पुढच्या शनिवारी परत आली, येताना माझ्यासाठी वाचायला दोन पुस्तकं घेऊन. मी पुस्तकं ठेवून घेतली आणि म्हटलं, "याने गाठ सुटायची नाही." ती म्हणाली, "ठाऊक आहे. आत्या म्हणायची, तुम्ही गाठ मारलेली सुरीनेच कापावी लागते."

तेव्हा हसू आलं, आणि गाठ सोडली.

तिचं म्हणणं असं की धडे कुणाच्या अ‍ॅपवर घालायचेच नाहीत. इंटरनेटवर आपलं साधं पान करायचं, कुणीही उघडावं, कुणाला काही विचारायचं नाही. प्रश्न होता तो गणित त्या पानावर कसं उतरवायचं याचा. तिने मला समजावून सांगितलं. सगळ्यात सोपं म्हणजे तुमच्या कागदांचे फोटो काढून लावायचे. दुसरं म्हणजे पीडीएफ करायची, छापल्यासारखी. पण ती लहान फोनवर मुंग्यांसारखी दिसते आणि बोटाने इकडेतिकडे सरकवत बसावं लागतं. तिसरं म्हणजे एकेक ओळ नव्याने टाइप करायची, अशी की अपूर्णांक यंत्रालाही अपूर्णांक म्हणून कळेल आणि वर्गमूळ वर्गमूळ म्हणून. याला महिने लागतील, आणि तिला हेच करायचं होतं.

मी म्हटलं, "फोटोच लाव." ती म्हणाली, "का?" "फोटोत कुणाला हात घालता येत नाही. टाइप करायला बसलीस की तू बाईंचं सुधारशील." "मावशी, मी काय तलाठी आहे का, नोंद फिरवायला?" "तलाठीसुद्धा पहिल्या दिवशी असंच म्हणतो. बाईंच्या शब्दांत दुसऱ्या कुणाचा एक शब्द घुसता कामा नये. हे कबूल असेल तर पुढे बोल."

तिने वाद घातला नाही. जमिनीच्या तिरप्या तुकड्याच्या धड्याचा फोटो काढला, फोनवर लावला आणि माझ्या हातात दिला. "तुमचा उजवा डोळा धूसर झालाय ना? डोळे मिटा. फोनला वाचायला सांगू." मी डोळे मिटले. फोनमधली बाई म्हणाली, "चित्र." मी थांबले. पुढे काहीच नाही. तुमचा अख्खा धडा, आणि त्याचा एवढाच एक शब्द. भाची म्हणाली, "माझ्या वर्गात श्रीवर्धनची एक मुलगी आहे. तिला दिसत नाही. सगळं कानाने शिकते. तिला हे 'चित्र' देऊ?" मी म्हटलं, "घे, कर टाइप. पण मी शेजारी बसणार."

तिरप्या तुकड्याचा धडा म्हणजे आमच्याच तुकड्याचा, आठवतंय ना? रविवारची दुपार आहे. तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात आणि माझ्याबरोबर बिरड्याचे वाल सोलता आहात, कारण लग्न झालेल्या बाईने वही घेऊन शाळेत गेलेलं सासूला चालत नव्हतं. शाळेनेच घरी यायचं ठरवलं. मी चुकलेलं गणित खोडरबराने पुसते. तुम्ही खोडरबर माझ्या हातातून घेता आणि चुलीत टाकता. त्या जळक्या रबराचा वास मला अजून येतो. "चुकलेलं दिसलं पाहिजे," तुम्ही म्हणता. "एक रेघ मार, खालचं वाचता येईल अशी. पुसून टाकलेली चूक माणूस पुन्हा करतो." मी रडवेली होते. तुम्ही समजूत काढत नाही, पुढचा वाल उचलता.

मग त्याच महिन्यात दिरांची आणि आमची वाटणी झाली. मिठागराच्या बांधालगतचा तिरपा तुकडा आम्हाला आला. मोजणाऱ्याने गावच्या जुन्या रीतीने मोजला: समोरासमोरच्या बाजू मिळवायच्या, निम्म्या करायच्या, दुसऱ्या दोन तशाच, आणि दोन्हींचा गुणाकार. सगळे असंच मोजायचे. तुम्ही कागदावर आमचा तुकडा काढला, ती रीत पूर्ण मांडली, एकही पायरी न गाळता, आणि मग तिच्यावर एक रेघ ओढली. खाली कर्ण टाकलात, दोन त्रिकोण केलेत, लंब काढलेत. तुकडा जितका तिरपा तितकी गावची रीत त्याला मोठा करून दाखवते, हे मला त्या दुपारी कळलं. आमचा तुकडा कागदावर दिरांच्या तुकड्याएवढा होता, जमिनीवर लहान. आमचे हे दारात बिडी ओढत बसले होते. सगळं बघत होते.

भाचीने तो धडा टाइप केला. मी भिंग घेऊन एकेक ओळ ताडून पाहिली. तिने काही सुधारलं नव्हतं. खोडलेली रीत खोडलेलीच होती, वर तुमची रेघही बारीकशी दिसत होती. मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. मग तिने फोनला वाचायला सांगितलं. या वेळी फोनमधली बाई घडाघडा बोलली: बेरीज, छेद दोन, गुणिले. चुकीची रीत पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ वाचली आणि पुढे गेली. रेघ कुठेच ऐकू आली नाही.

श्रीवर्धनची ती मुलगी हा धडा ऐकेल आणि गावची चुकीची रीत तुमच्या नावाने शिकेल. भाचीचा चेहरा उतरला. "रेघ शब्दांत सांगावी लागेल," ती म्हणाली. "पण तुमची अट आहे, आत्याच्या शब्दांशिवाय काही नाही. रेघ मारताना आत्या काही म्हणायची का?"

मी म्हटलं, "म्हणायच्या. 'असं मोजतात. आपण नाही मोजायचं.'"

तिने लगेच ते टाइप केलं, तुमच्या नावाने, आणि फोनने ते वाचून दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पान आता लागलं आहे. कुणीही उघडतं, कुणाला काही विचारलं जात नाही. त्या मुलीने ऐकून भाचीला विचारलं म्हणे, तुमच्या आत्या अशाच बोलायच्या का.

हे पत्र कुठे पाठवायचं, बाई? बाडातच तळाशी ठेवीन. म्हणून इथे लिहिते. रेघ मारताना तुम्ही कधीच काही बोलला नाहीत. ओठ घट्ट मिटून रेघ ओढायचात. ते वाक्य आमच्या यांचं. दारातून म्हणाले होते, "असं मोजतात. आपन न्हाय मोजायचं." भावाशी भांडले नाहीत, तुकडा बदलून मागितला नाही, पण पुढे कुणाच्याही वाटणीला बोलावलं की हे आधी तुमच्या कर्णासारखी तिरपी दोरी टाकायचे. हे गेले. त्यांच्या हातचं एक अक्षर माझ्याकडे नाही, त्यांना लिहिता कुठे येत होतं. मी फक्त त्यांचं 'आपन न्हाय' तेवढं शहरी केलं, म्हणजे कुणाला संशय येऊ नये. साऱ्या जगावर पहारा ठेवला, आणि तुमच्या शब्दांत दुसऱ्याचे शब्द मीच घातले.

भाचीला सांगितलेलं नाही. दुपारी वाल सोलायला बसले की फोनला तो धडा वाचायला सांगते, आणि त्या वाक्यापाशी हात थांबतो. तुम्ही असतात तर ते खोडलं असतंत. एका रेघेने, खालचं वाचता येईल असं.