चुकांच्या कपाटाचा वरचा कप्पा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, इंजिनियरिंग कॉलेजच्या वर्कशॉपचा निवृत्त शिक्षक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने आणि शाईच्या पेनाने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत यायला सांगितले. मी दोनपर्यंत आलो आणि पुढे उणे पाचवर जाऊ का, असे विचारले. "पुरे, पुरे," म्हणाले. हृदयाची एक झडप गळते, हेही त्यांनीच सांगितले. झडप गळल्यावर पंपाचे काय होते ते मी तेहतीस वर्षे शिकवले आहे, त्यामुळे त्यांना फार बोलावे लागले नाही.

कलम १. राहते घर, त्यातले सामान आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. ती ते घेईल याची खात्री नाही. बावीस वर्षांत तिने माझ्याकडून वाढदिवसाच्या फोनाखेरीज काही घेतलेले नाही, आणि तो फोनही दोन मिनिटांत आटपतो. ती विमा कंपनीत आहे. कारखान्यात यंत्र जळाले की जाऊन बघते आणि चूक कोणाची हे ठरवते. काम चांगले करते असे ऐकतो.

कलम २. माझ्या कानशी, आटे पाडायचे टॅप, स्पिरिट लेव्हल आणि लाकडी पेटीतली सर्व हत्यारे मिस्तरींना द्यावीत. कॉलेजच्या कागदांवर ते शेवटपर्यंत 'मदतनीस' राहिले. मी पदवीची सुरळी काखेत मारून रुजू झालो, त्या दिवशी मी लेथवर कापायचे टूल उलटे बांधले होते. पन्नास मुले समोर उभी होती. मिस्तरी पुढे आले, "सर, जरा पुसून घेतो," म्हणाले आणि पुसता पुसता टूल सरळ करून गेले. कोणाला कळले नाही. अध्यापनशास्त्राची एवढी एकच शिकवणी मला मिळाली, आणि तीही मी पुढे विसरलो. कसा, ते कलम ६ मध्ये येईल.

कलम ३. मागच्या खोलीतला छोटा लेथ ज्याला चालवता येतो त्याने न्यावा. कॉलेजला देऊ नये. वर्कशॉप बंद झाले तेव्हा तिथले अकरा लेथ भंगारात गेले आणि चार नंबरचा ठेवून घेतला. मला वाटले, चला, एकाला तरी सद्‍गती मिळाली. त्याला सोनेरी रंग लावून कॉलेजच्या दारात उभा केला आहे आणि त्याच्या बेडवर, म्हणजे घासून सपाट केलेल्या पाठीवर, कुंड्या ठेवल्या आहेत. रोज पाणी घालतात. बेडवर पाण्याचा थेंब दिसला तर मी मुलाला दिवसभर कापूस घेऊन पुसायला लावत असे.

कलम ४. आता माझी शिकवण्याची पद्धत. ती कोणाला देण्याचा प्रश्न नाही, कारण ती आधीच नेली गेली आहे. तरी मूळ मालक कोण, याची नोंद राहावी.

पहिल्या दिवशी मी फळ्याला हात लावत नसे. चार मुलांमागे एक बंद पडलेला पंप टेबलावर ठेवायचो. पुस्तक नाही, व्याख्यान नाही. उघडा, का बंद पडला ते शोधा, चालू करा. मी फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणार, आणि प्रश्न नीट विचारला तरच. पहिले दोन दिवस मुले माझ्याकडे अशी बघत, की यांना काहीच येत नाही. तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारायचा, "सर, पाणी वर चढतंच कशामुळे?" मग मी खडू उचलायचो. तहान लागल्यावर पाणी द्यावे, एवढीच ती पद्धत. तेव्हाच्या प्राचार्यांनी मला बोलावून सांगितले, "पोरांना हातच काळे करायचे असते तर ती इथे कशाला आली असती? अभ्यासक्रम पूर्ण करा." ते आता हयात नाहीत, म्हणून एवढ्यावरच सोडतो.

त्या वर्षी एक नवा शिक्षक तीन महिने माझ्या तासाला मागच्या बाकावर वही घेऊन बसला. मुले पुढे त्याला 'पडदेवाले सर' म्हणू लागली, कारण पडद्यावर चित्रे टाकल्याशिवाय त्याला स्वतःचे नावही सांगता येत नसे. सोळा वर्षांनी हे गृहस्थ विभागप्रमुख झाले आणि त्यांची पुस्तिका निघाली: 'अभियांत्रिकी अध्यापनातील नवे दृष्टिकोन'. त्यात पंप होता. चार मुलांचा गट होता. 'प्रश्नाधारित अध्ययन' असे बारसे झाले होते. व्याख्यान घरी ऐकावे आणि वर्गात काम करावे, असेही होते. तो भाग त्यांचा स्वतःचा, आणि तो चांगला आहे हे मला मान्य करावे लागते. परिषदेत त्यांना शाल मिळाली. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, नागोबाला शाल घातलेली तेव्हा पाहिली.

आणि मग त्यांनी पंपही काढला. गोल टेबले आली, रंगीत चिठ्ठ्या आल्या. आता मुले पंप पडद्यावर बोटाने उघडतात. बोल्ट गंजलेला नसतो, वायसर हरवत नाही, कोणाच्या बोटाला चिमटा बसत नाही. मी एकदाच जाऊन पाहिले. पडद्यावर शतांशात जाडी मोजणारे मायक्रोमीटरसुद्धा होते. मी मुलाला विचारले, "हे खाली पडलं तर?" तो हसला. "पडणार कसं, सर?"

तो प्रश्न मी त्याला का विचारला, हे मला घरी येईपर्यंत छळत राहिले.

कलम ५. त्या पुस्तिकेची माझ्याकडची प्रत, समासात मी लिहिलेल्या सर्व टिपांसह, पडदेवाल्यांना द्यावी. पान नऊवरची टीप रागात लिहिली आहे. ती खोडू नये.

कलम ६. वर्कशॉप बंद झाल्यावर मी घरी आणलेले लोखंडी कपाट. ही माझी खरी इस्टेट.

वर्कशॉपमध्ये बिघडलेला जॉब, म्हणजे मुलाने घडवायला घेतलेला लोखंडाचा तुकडा, फेकायचा नाही, असा माझा नियम होता. ज्याने बिघडवला त्याने त्यावर नंबर ठोकायचा आणि सोबत कार्ड लिहायचे. कार्डावर तीन ओळी: मी काय धरून चाललो, काय झाले, केव्हा कळू शकले असते. कार्ड त्याच दिवशी भरायचे. दुसऱ्या दिवशीचे मी घेत नसे, कारण रात्रभरात माणूस चुकीला कारणे शिवतो. कार्ड दिले की गुण कापले जात नसत. कपाटात चारशे बारा जॉब आहेत. नवी बॅच आली की आधी हे कपाट वाचायची. वरचा कप्पा मात्र रिकामा. "तो सरांसाठी राखून ठेवलाय," मी म्हणायचो, आणि मुले हसायची. तेहतीस वर्षे हसली.

तो रिकामा राहायला नको होता. मी भरला नाही, एवढेच.

माझी मुलगी याच कॉलेजात, याच वर्कशॉपमध्ये शिकली. हात माझ्यापेक्षा हलका. शेवटच्या वर्षी यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याने तिला निवडले होते. पास व्हायचे आणि रुजू व्हायचे. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले नाहीत. बापाने लेकीची परीक्षा घेऊ नये, असे पडदेवाले म्हणाले. मी म्हणालो, "माझं मायक्रोमीटर कोणाचा बाप नाही." मग ते दुसरे परीक्षक म्हणून शेजारी बसले.

इतर मुलांचे जॉब मी कॉलेजच्या मायक्रोमीटरने मोजले. तिची पाळी शेवटी आली. कोणाला शंका नको म्हणून तिच्यासाठी मी खास माझे स्वतःचे काढले. वीस मिलिमीटरचा दांडा. मिलिमीटरचे दोन शतांश कमी चालतील, त्याहून नाही. माझ्या मायक्रोमीटरवर चार शतांश कमी आले.

"सर, एकदा शून्य बघा," पडदेवाले म्हणाले.

मायक्रोमीटर बंद केले की रेघ शून्यावर यायला हवी. ती येते का हे मोजण्याआधी बघायचे. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी हेच शिकवायचो. आणि ते मायक्रोमीटर त्या दिवशी सकाळी जिन्यावर माझ्याच खिशातून पडले होते. मी ते उचलले, रुमालाने पुसले आणि डबीत ठेवले होते.

"तुम्ही मला शून्य दाखवणार?" मी म्हणालो.

मुलगी म्हणाली, "बाबा, पुन्हा मोजा ना."

"इथे कोणी बाबा नाही," मी म्हणालो, आणि तिला नापास केले.

नवव्या दिवशी घरी, टेबलाशी बसून, मी शून्य पाहिले. शून्याखाली तीन शतांश. म्हणजे तिचा दांडा फक्त एक शतांश कमी होता. बरोबर होता. निकाल लागायला अजून तीन आठवडे होते, आणि गुण दुरुस्त करायला एका अर्जाचे काम होते. तो अर्ज पडदेवाल्यांच्या सहीने पुढे गेला असता. मी केला नाही. कारखान्याने दुसरा मुलगा घेतला. फेरपरीक्षा सहा महिन्यांनी होती. ती बसली नाही, आणि घरातही राहिली नाही. तिची आई गेली तेव्हा माझीच समजूत घालत गेली, "जाऊ द्या हो, पोरीचा हात तुमच्यासारखा नव्हता." मी तेव्हाही मान हलवली. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ शतांशात मोजणाऱ्या माणसाचे हे मुसळ आहे. याची मला लाज वाटते, आणि ती कोणत्याही कलमात बसत नाही.

कलम ७. कपाट कॉलेजला द्यावे. ते पडद्यांच्या खोलीतच ठेवावे, कुलूप लावू नये, सोनेरी रंग देऊ नये. वरच्या कप्प्यात माझे मायक्रोमीटर ठेवावे. त्याच्या डबीवर मी काल चारशे तेरा हा नंबर ठोकला आहे. सोबतचे कार्ड प्रत्येक नव्या बॅचने पहिल्या दिवशी मोठ्याने वाचावे. त्यावर असे लिहिले आहे:

'मी काय धरून चाललो: की माझे शून्य बरोबर आहे. काय झाले: मुलगी गेली. केव्हा कळू शकले असते: तेव्हाच. चार सेकंद लागतात.'

कलम ८. मुलीचा दांडा परीक्षेनंतर मी स्टोअरमधून घरी आणला. बावीस वर्षे तेलकागदात गुंडाळून खणात आहे. दर सहा महिन्यांनी तेल बदलले आहे, गंज नाही. तो तिचा आहे. कपाटात ठेवू नये, त्यात चूक नाही.

कलम ९. मृत्युपत्र मेल्यावर उघडायचे असते, हे मला ठाऊक आहे. पण मेलेल्या माणसावर कोणाला ओरडता येत नाही, आणि ती सोय मी स्वतःला ठेवू इच्छित नाही. म्हणून याची एक नक्कल, तो दांडा आणि कार्डाची प्रत मिस्तरी आजच गाडी पकडून तिच्या हातात नेऊन देणार आहेत. माझ्याच नियमाने हे कार्ड बावीस वर्षे उशिराचे आहे. तिने ते घेतले नाही, तर तिचे बरोबर असेल.

साक्षीदार पहिले: मिस्तरी. सही केली. वाचून म्हणाले, "सर, टूल सरळ करायला इतका वेळ लावतात का?"

साक्षीदार दुसरे: पडदेवाले. परीक्षेच्या दिवशी शेजारी बसलेला दुसरा माणूस तेच होते, म्हणून त्यांनाच बोलावणे भाग पडले. सगळे वाचले. नागोबापाशी थांबले, पुढे गेले. सही करून म्हणाले, "ती टिपांची प्रत आत्ताच द्या की. तुम्ही मेल्यावर मी भांडू कोणाशी?" दिली नाही. चहा दिला.

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल. तारीख: अठरा, वार सोमवार, सकाळी साडेदहा.

सहीपूर्वी दोघांसमोर मायक्रोमीटर बंद करून पाहिले. शून्याखाली तीन. दुरुस्त केलेले नाही.

(सही)