रात्री आठचा फोन

दुसरबीड,
६ ऑक्टोबर २०२५

चि. प्रसेनजितास,
ताईचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोन बाबांच्या हातातून सुटत नाही, म्हणून हे पत्र. काल शेतातून येताना ते मोठा रस्ता ओलांडत होते. ट्रक हॉर्न वाजवत आला, त्यांना पत्ताच नाही. शेजारच्या शेषरावांनी दंड धरून ओढलं म्हणून वाचले. कानाचं मशीन खिशात होतं, रुमालात गुंडाळलेलं.

त्याची बॅटरी आता दुपारपर्यंतच टिकते आणि संध्याकाळी चार्ज करायला लाइनीचा भरवसा नाही. म्हणून दिवसभर बंद ठेवतात, रात्री तुझा फोन आला की घालतात. मी रागावले, तर म्हणाले, शेतात मले कोण हाक मारून राह्यलं? तू पुण्यात बॅटऱ्याच तपासतोस ना, मग चांगली बॅटरी पुढच्या वर्षी येईल, असं दरवर्षी काय सांगतोस? तूच समजाव. माझं ते मशीन घालूनही ऐकत नाहीत.

चिडलेली, तरी तुझीच,
धम्मशीला

पुणे,
११ ऑक्टोबर

आदरणीय बाबा,
सविनय जय भीम.

ताईच्या पत्रातून ट्रकचं कळलं. बाबा, जाहिरातीत दाखवतात तशी बॅटरी झटपट सुधारत नाही. ताकद वाढवली तर तापते, तापणं आवरलं तर लवकर मरते. कानामागे मावेल एवढीशी तर फारच अवघड. नव्या बॅटरीची चाचणी पास झाली की नवं मशीन घेऊनच घरी येईन म्हटलं होतं. पण कधी, ते मलाच ठाऊक नाही.

तोवर रात्री फोन करणार नाही. कामावर दिवसा फोन आत नेता येत नाही, म्हणून पत्रं लिहीन. मशीन रस्त्यावर आणि शेतात वापरा. तुम्हाला माझी शपथ आहे.

राग मानू नये, माया असू द्यावी.
आपला,
प्रसेनजित

दुसरबीड,
२ नोव्हेंबर

चि. प्रसेनजितास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

तुझी शपथ पाळतो आहे. परवा रस्त्यात हॉर्न ऐकू आला, बाजूला झालो आणि टँकर अगदी जवळून गेला. मग बराच वेळ बांधावर बसून होतो. तुझंच खरं होतं.

पण आठ वाजता अजून फोनपाशी जाऊन बसतो. पत्रं छान लिहितोस, पण तुला सर्दी झाली का, हे अक्षरावरून कळत नाही. जगायला कान लागतात, कबूल. मी मात्र मशीन तुझा आवाज ऐकायला घेतलं होतं.

बॅटरी सुधारायची तेव्हा सुधारेल, मी तोवर असेन की नाही कोण जाणे. रिकाम्या हातानं ये. जवळ बसून मोठ्यानं बोललास, तर मले मशीन लागत नाही.

वाट पाहणारा,
तुझा बाप इंद्रभान