हिपाच्या कपाळावरचा आकडा

आईस, ऑकलंडहून तुझी रोज आठवण काढणाऱ्या मुलाकडून,

तुझा नातू हिपा मजेत आहे, दोन्ही वेळा जेवतो. शुक्रवारी त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. त्याच्या केसांना कात्री लागलेली नाही. बेटावर परतल्यावर केस कापायच्या सोहळ्यात पहिली बट कापायचा मान थोरल्या मामाचाच राहील. इथली नर्स सामोआची आहे. तिने त्याची वेणी घालून कपाळ मोकळे केले आणि तिथे एक पट्टी चिकटवली. मेंदूत प्राणवायू किती आहे, ते त्यामुळे पडद्यावर दिसते.

आकडा एकसष्ट आला. शेजारच्या खाटेवरच्या मुलीचा चौऱ्याहत्तर. मी घाबरलो.

"अरे दादा, ही काय शाळेची परीक्षा आहे? ज्याचा त्याचा आकडा," नर्स म्हणाली. "शस्त्रक्रियेत तो याच्या फार खाली घसरायला लागला, की डॉक्टर लगेच हालचाल करतात."

"मग वाढलेला बरा?"

"तसंही नाही रे. ज्याचा जो आकडा, त्याच्या आसपासच राहिला की आम्ही निश्चिंत."

तेव्हापासून मला काही उमगत नाही. तुझा गुडघा कसा आहे? मळ्यातले तारोचे कंद कोण खणून देते? हे पत्र बुधवारच्या विमानाने पोचेल, म्हणजे प्रार्थनेला दोन दिवस मिळतील. लेकराला बरे करायला इतक्या लांब आणले आणि देवाकडे 'आकडा आहे तेवढाच राहू दे' म्हणायचे, हे विचित्र वाटते. तरी आई, तू तेच माग.

तुझा,
टोगिया